घरच्या संगणकाचा संपूर्ण बॅकअप : ‘वीम एजंट’ची मोफत आवृत्ती

‘वीम एजंट फॉर मायक्रोसॉफ्ट विंडोज’ हे सॉफ्टवेअर नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरच्या डेस्कटॉपवर काही वर्षांपासून चालू आहे. या काळात बॅकअप घेण्याबरोबरच मी त्यातून डेटा परत आणूनही पाहिला आहे. आधी मुद्दाम चाचणी म्हणून, आणि नंतर डिस्क खरोखरच बिघडली तेव्हा गरज म्हणून. या लिखाणाचा भर त्या दुसऱ्या अर्ध्यावर आहे, कारण बॅकअप घेणारी सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत आणि घेताना ती सगळी सारखीच वाटतात. त्यांची खरी परीक्षा संगणक सुरू होत नाही त्या दिवशी होते, आणि त्या परीक्षेत हे सॉफ्टवेअर उत्तम उतरते असे माझे मत आहे.

आमच्या संगणकावर काय आहे ते आधी सांगायला हवे, कारण कोणता बॅकअप योग्य हे त्यावरच ठरते. घरचे फोटो, मुलांचे दाखले आणि विम्याची कागदपत्रे जशी सगळ्यांकडे असतात तशी आमच्याकडेही आहेत. त्याखेरीज मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव असल्यामुळे देखभाल वर्गणीचे टॅलीमधले हिशेब, सभासदांची नोंदवही आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते याच यंत्रावर आहेत. त्यांतली जुनी इतिवृत्ते माझ्या आधीच्या सचिवांनी ‘श्रीलिपी’ या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी ज्यांनी संगणकावर मराठी लिहिले त्यांना हा प्रश्न लगेच लक्षात येईल. अशी वर्डची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर ठरावांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रांग दिसते. फाइल शाबूत असते, पण ती कोणालाही वाचता येत नाही. म्हणजे ‘माय डॉक्युमेंट्स’ फोल्डर कॉपी करून ठेवला की बॅकअप झाला, असे आमच्यासारख्या घरात म्हणता येत नाही. फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, टॅलीची घडण, प्रिंटरची जुळवणी आणि फायली हे सारे एकत्र परत यावे लागते.

आपल्याकडे संगणक अडला की तो दुकानात न्यायचा आणि दुकानदाराने ‘फॉरमॅट मारून’ द्यायचा ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काय जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. महात्मा गांधी रोड, कॅनडा कॉर्नर आणि नाशिक रोड या भागांत दुरुस्तीची चांगली दुकाने आहेत, तिथली मुले कष्टाळू आणि हुशार आहेत. परंतु डी ड्राइव्ह वाचवून सी ड्राइव्ह पुसणे, एवढेच त्यांना त्या घाईत करता येते. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली, ईमेलचा जुना साठा, ब्राउझरमधले पासवर्ड आणि फॉन्ट हे सगळे सी ड्राइव्हवरच असते. ते सांभाळण्याची जबाबदारी दुकानदाराची नव्हे, ती संगणकाच्या मालकाचीच आहे, आणि ती पार पाडणे आता फार अवघड राहिलेले नाही.

वीम ही कंपनी मुळात मोठ्या कार्यालयांच्या सर्व्हरसाठी बॅकअपची साधने बनवते. तिने २०१५ मध्ये ‘एंडपॉइंट बॅकअप’ या नावाने एकेकट्या संगणकासाठी मोफत सॉफ्टवेअर काढले आणि २०१७ पासून ते सध्याच्या नावाने मिळते. त्याच्या सशुल्क आवृत्त्याही आहेत, परंतु घरच्या एका संगणकाला मोफत आवृत्ती पुरते आणि तिला मुदत नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहे. पूर्वी अनेक जण मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वापरत. ती कंपनीने बंद केली आणि २०२४ पासून तिला सुरक्षा दुरुस्त्याही मिळत नाहीत. विंडोजमधले ‘फाइल हिस्टरी’ २०१२ पासून आहे, पण ते ठरावीक फोल्डरांच्याच प्रती ठेवते. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत (प्रतिमा) घेण्याची विंडोजची जुनी सोय अजून कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते, मात्र खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिचा विकास थांबवल्याचे जाहीर केले आहे. जी गोष्ट तिच्या कर्त्यांनीच सोडून दिली, तिच्या भरवशावर सोसायटीचे दप्तर ठेवणे मला पटत नाही.

सॉफ्टवेअर उतरवून घेताना कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडावे लागते. त्यानंतरची मांडणी सरळ आहे. संपूर्ण संगणक, निवडक ड्राइव्ह किंवा निवडक फोल्डर, असे तीन पर्याय समोर येतात. त्यांतला पहिलाच घ्यावा असा माझा आग्रह आहे, कारण संपूर्ण प्रतीतून एखादी फाइल वेगळी काढता येते, पण फोल्डरांच्या प्रतीतून विंडोज परत उभे करता येत नाही. शिवाय फोल्डरनिहाय बॅकअप तुलनेने सावकाश चालतो. बॅकअप कुठे ठेवायचा हे विचारल्यावर बाहेरून जोडायची हार्ड डिस्क दाखवावी. ती डिस्क आधी एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि बॅकअपची मुख्य फाइल त्याच्या कितीतरी पट मोठी असते. पहिल्या वेळी संपूर्ण प्रत तयार होते, त्यानंतर दर वेळी फक्त बदललेला भाग साठवला जातो, म्हणून पहिला बॅकअप बराच वेळ घेतो आणि नंतरचे लवकर आटोपतात. किती दिवसांच्या प्रती ठेवायच्या ते आपण ठरवायचे. ती मुदत भरली की सर्वांत जुना बदल मुख्य प्रतीत मिसळून टाकला जातो आणि डिस्क भरून वाहत नाही. ज्या दिवशी बॅकअप झालाच नाही तो दिवस या मोजणीत धरला जात नाही, त्यामुळे दिवाळीत पंधरवडाभर गावी गेलो तरी आधीच्या प्रती टिकून राहतात.

विंडोजच्या ‘शॅडो कॉपी’ या व्यवस्थेचा आधार घेत असल्यामुळे बॅकअप चालू असताना काम थांबवावे लागत नाही. टॅली उघडे असले, एखादे पत्र टंकत असलो, तरी त्या क्षणाचे चित्र घेऊन बॅकअप मागे चालू राहतो. माझ्या यंत्रावर त्या वेळात किंचित संथपणा जाणवतो. काम अडते असे म्हणता येणार नाही.

या सॉफ्टवेअरमधली जी सोय मला सर्वाधिक आवडते, ती वेळापत्रकाच्या पानावर आहे. बॅकअप रोज ठरावीक वेळी घेता येतोच, पण ‘बॅकअपची डिस्क जोडली जाताच सुरू कर’ असेही सांगता येते आणि त्याच्याच जोडीला ‘काम संपल्यावर डिस्क बाहेर काढण्यास मोकळी कर’ असा पर्याय आहे. हे दोन्ही निवडले की आपल्याकडे एकच काम उरते : डिस्कची वायर लावायची आणि थोड्या वेळाने काढून ठेवायची. डिस्क सतत जोडलेली ठेवण्यात मोठा धोका आहे. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या संगणकांवरील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, अशा प्रकारचे विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही सोडत नाहीत. विंडोज डिफेंडर किंवा पुण्याच्या क्विक हीलसारखे सॉफ्टवेअर त्यांना अडवण्यासाठी असते, ते असावेच. परंतु जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यापर्यंत कोणताही विषाणू पोहोचू शकत नाही, आणि ही खात्री पैसे देऊन मिळणारी नाही.

आता डेटा परत आणण्याविषयी. बॅकअप सुरू केल्यावर लगेच एका पेनड्राइव्हवर ‘रिकव्हरी मीडिया’ तयार करून घ्यायचा असतो. विंडोज सुरू होत नसताना संगणक या पेनड्राइव्हवरून चालू करता येतो. चाचणीसाठी मी यंत्रातली चालू डिस्क काढून बाजूला ठेवली, तिच्या जागी रिकामी एसएसडी बसवली, पेनड्राइव्ह आणि बॅकअपची डिस्क जोडली आणि यंत्र सुरू होताना एफ१२ ही कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला. थोड्या वेळाने निळसर पडद्यावर मोजके पर्याय आले. त्यांतला ‘बेअर मेटल रिकव्हरी’, म्हणजे रिकाम्या डिस्कवर सगळे परत उभे करण्याचा पर्याय, निवडल्यावर बॅकअप कुठे आहे असा प्रश्न आला, आणि डिस्क दाखवताच तारखांनिशी सगळ्या प्रतींची यादी उघडली. मी आदल्या आठवड्यातली तारीख निवडली. नव्या डिस्कवरचे सर्व काही पुसले जाईल, अशी सूचना देऊन त्याने काम सुरू केले आणि आमची दुपारची जेवणे आटोपेपर्यंत ते पूर्णही झाले.

पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा नेहमीचा पडदा, नेहमीच्या जागी नेहमीची चिन्हे आणि नाशिक जिल्हा बँकेच्या पासबुकाची अर्धवट स्कॅन केलेली फाइल, सगळे त्या तारखेला होते तसेच होते. विंडोजने परवाना पुन्हा मागितला नाही. मी सर्वांत आधी २००४ च्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त उघडले. श्रीलिपीचा प्रत्येक शब्द, जोडाक्षरांसकट, जागच्या जागी होता. देवनागरीत नावे दिलेल्या फोल्डरांची नावेही जशीच्या तशी आली. पुढे एका पावसाळ्यात ती मूळ डिस्क खरोखर निकामी झाली (कोणत्या कंपनीची होती ते इथे महत्त्वाचे नाही, प्रत्येक कंपनीची डिस्क कधी ना कधी जाते), तेव्हा हीच क्रिया मी न घाबरता केली, कारण तिच्यातली प्रत्येक पायरी आधी डोळ्यांनी पाहिलेली होती.

एखादीच फाइल हवी असेल तर एवढे करावे लागत नाही. बॅकअपच्या फाइलवर दोनदा क्लिक केले की तिच्यातले फोल्डर एका खिडकीत उघडतात, हवी ती फाइल निवडून ती मूळ जागी किंवा दुसरीकडे ठेवता येते. चुकून बदललेल्या हिशेबाच्या तक्त्याची आठ दिवसांपूर्वीची प्रत यातून मिळते, आणि माझ्या घरी या सोयीचा उपयोग संपूर्ण रिस्टोअरपेक्षा कितीतरी जास्त वेळा झाला आहे.

उणिवा आहेत, आणि त्या लपवण्याचे कारण नाही. संपूर्ण सॉफ्टवेअर इंग्रजीत आहे आणि ती इंग्रजी कार्यालयातल्या तंत्रज्ञांच्या सवयीची आहे. ‘रिटेन्शन’, ‘रिपॉझिटरी’, ‘व्हॉल्यूम’ हे शब्द घरातल्या ज्येष्ठ माणसासमोर एकामागून एक आले तर ते पुढे जायला कचरतात. पहिली मांडणी करताना जवळ कोणीतरी माहीतगार असावे. मोफत आवृत्तीत बॅकअपचे एकच काम नोंदवता येते, म्हणजे फोटो एका डिस्कवर रोज आणि संपूर्ण संगणक दुसरीवर महिन्यातून एकदा, अशी विभागणी करता येत नाही. मात्र दोन डिस्का आलटून पालटून वापरण्याची मुभा आहे. दोन्हींची नोंद करून ठेवली की जी जोडाल तिच्यावर तिची स्वतंत्र मालिका चालू राहते, आणि घरच्या गरजेला ही पद्धत पुरेशी आहे. मोफत वापरणाऱ्यांना कंपनीकडून मदतीची हमी नसते. मॅक वापरणाऱ्यांनी याच्या वाटेला जाण्याची गरज नाही. त्यांच्या यंत्रात ‘टाइम मशीन’ आधीपासूनच असते आणि ते चांगले आहे.

पासवर्डबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. बॅकअपला पासवर्ड घालण्याची सोय आहे आणि ती वापरावी, कारण संगणकावर बिटलॉकरचे (डिस्कवरचा डेटा सांकेतिक रूपात ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे) कुलूप असले तरी चालू यंत्रातून घेतलेल्या प्रतीत डेटा उघडाच साठवला जातो. आमच्या सभासदांचे पॅन क्रमांक आणि बँकेचे तपशील त्यात आहेत, ते उघड्या डिस्कवर ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण हा पासवर्ड हरवला तर मोफत आवृत्तीत तो परत मिळवण्याचा मार्ग नाही. तो कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला त्याची जागा माहीत असावी. त्याच कागदावर बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी कीसुद्धा लिहावी. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की बऱ्याच यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागते, आणि अनेकांना ते लागल्याचा पत्ताही नसतो.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी ते ज्या डिस्कवर लिहिते आणि ज्या विजेवर चालते त्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे छोटे मोफत साधन डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवते. हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या क्रमांकांच्या ओळी पाहाव्यात. बदलावे लागलेले, संशयास्पद आणि वाचता न येणारे भाग तिथे अनुक्रमे मोजलेले असतात. तिथले आकडे शून्यावरून वाढू लागले आणि निळ्याचा रंग पिवळा झाला, की लाल होण्याची वाट न पाहता डिस्क बदलावी. आमच्या निकामी झालेल्या डिस्कने अशीच पूर्वसूचना दिली होती. एसएसडी अखेरपर्यंत भरू नये, थोडी जागा मोकळी ठेवली तर तिचा वेग टिकतो. बॅकअप वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचा असेल तर त्यासाठी हार्ड डिस्कच घ्यावी, कारण वीज न मिळता फार काळ पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा क्षीण होऊ शकतो.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस सुरू झाला की दुपारनंतर वीज जाण्या-येण्याचे प्रमाण वाढते, आणि लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली तर फाइलच काय, विंडोजही बिघडू शकते. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत. त्यांच्या मागे किंवा बाजूला ‘यूपीएस मोड’चे बटण असते. ते चालू नसेल तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर पुरेशा त्वरेने भार घेत नाही, पंखे फिरत राहतात आणि संगणक मात्र बंद पडतो. हे बटण आजच तपासावे. वेगळा यूपीएस असेल तर त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, आणि अर्थिंग नीट आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घ्यावे.

बॅकअपची डिस्क संगणकाच्याच टेबलाच्या खणात ठेवणे मला अपुरे वाटते. चोरी, आग किंवा पाणी यांपैकी काहीही आले तर दोन्ही एकदमच जातात. गोदावरीचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावरून पुराचा अंदाज घेणाऱ्या शहराला हे निराळे सांगायला नको. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी सराफ बाजार आणि पंचवटीच्या नदीलगतच्या घरा-दुकानांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या टेबलाचा खणही पाण्याखालीच होता. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की डेटाच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली १ दुसऱ्या जागी असावी. आमची दुसरी डिस्क नाशिक रोडला माझ्या धाकट्या बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर असते. ती पहिल्यांदा नेऊन दिली तेव्हा बहिणीने हातात घेतली आणि म्हणाली, “दादा, देवघराच्या कपाटात नको, त्या भिंतीला ओल येते. माझ्या लोखंडी कपाटात ठेवते, तुला हवी तेव्हा फोन कर.” सणावाराला जाणे-येणे असतेच, त्या वेळी डिस्कांची अदलाबदल होते.

गूगलचे १५ जीबी आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचे ५ जीबी मोफत मिळतात. त्यांत सर्वांत महत्त्वाची कागदपत्रे ठेवावीत, पण केवळ त्यांवर विसंबू नये. सिंक होणाऱ्या फोल्डरातली फाइल संगणकावर पुसली की ती ढगातूनही (क्लाउडवरूनही) पुसली जाते, आणि कचराकुंडीत ती ठरावीक दिवसच राहते.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची सोय घरच्या ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, म्हणजे अनेक घरांत लवकरच विंडोज ११ वर जाण्याचा किंवा नवे यंत्र घेण्याचा प्रसंग येणार आहे. त्या बदलाला हात घालण्यापूर्वी ‘वीम एजंट’ने जुन्या यंत्राची एक संपूर्ण प्रत घ्यावी, ती नेहमीच्या मालिकेत न ठेवता वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि तिच्यातून निदान एक जुनी मराठी फाइल उघडून पाहावी. नवे विंडोज बसल्यावर रिकव्हरीचा पेनड्राइव्हही नव्याने तयार करावा, कारण जुन्या पेनड्राइव्हमध्ये नव्या यंत्राच्या डिस्कचे आणि नेटवर्कचे ड्रायव्हर नसतात.